इंदूरच्या मोटारसायकलवाल्यांच्या हमखास फजित्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेतल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत ज्या फजित्या बहुतेकांच्या वाट्याला येतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. यात नशिबाचा भाग थोडा असतो, बहुतेकांमागे साधं यांत्रिक कारण असतं. ते कळलं की फजिती टळते, निदान स्वस्तात सुटते.

नवी गाडी पूजेला खजराना गणपतीला न्यायची आहे. काय सांभाळायचं?

शोरूममधून थेट खजराना, हा इंदुरातला रिवाजच. पण नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो आणि वरचं रबर अजून घासलेलं नसतं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर टायर नेहमीइतका धरत नाही. त्यात देवळाबाहेर नारळाचं पाणी आणि फुलांचा चिखल, म्हणजे तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही आणि गाडी फार कलवायची नाही.

हार हँडलला बांधा, पण एक्सलरेटरची मूठ पूर्ण मोकळी ठेवा. बांधून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा. हाराचा दोरा एक्सलरेटरच्या केबलला अडकला तर मूठ सोडली तरी इंजिन रेसच राहतं. पुढच्या चाकापर्यंत लोंबणारा हार नकोच.

लिंबू चिरडताना बहुतेक नवखे क्लच एकदम सोडतात. गाडी उडी मारते किंवा बंद पडते, आणि समोर मोबाइल धरून काका उभे असतात. समोरची माणसं आधी बाजूला करा, अर्ध्या क्लचवर हळूच पुढे न्या. हळद-कुंकू टाकीवर किंवा हेडलाइटवर लावा, ब्रेकच्या डिस्कवर नाही. तेलातलं कुंकू ब्रेक पॅडनी एकदा शोषलं की पॅड बदलावेच लागतात. खंडेनवमीलाही हेच: गाडी धुवा, पुसा, झेंडूचा हार घाला, पण टायर काळेभोर दिसावेत म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या भागावर पॉलिश किंवा तेल चोळू नका. दसऱ्याला सोनं लुटायला निघालेली मंडळी पहिल्याच वळणावर आडवी होतात ती यामुळे.

लायसन्सच्या चाचणीत आठचा आकडा काढताना पाय टेकतोच. काय चुकतंय?

नजर. पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी तिथेच घुटमळते. वळणाच्या पुढच्या टोकाकडे बघा, मान वळवा, गाडी मागून येते. पहिला गिअर, क्लच अर्धा, एक्सलरेटर किंचित आणि स्थिर, मागचा ब्रेक पायाने हलकासा लावलेला. या मागच्या ब्रेकमुळेच गाडी संथ असूनही डगमगत नाही. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, क्लच पूर्ण दाबायचा नाही. क्लच पूर्ण दाबला की चाकाची ओढ संपते आणि गाडी कलंडते.

लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते आणि लर्निंग ६ महिने चालतं. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी मोकळ्या मैदानात विटा ठेवून सराव करा. चाचणीला मावसभावाची जड बुलेट नेऊ नका, हलकी गाडी न्या.

गाडी उभीच होती, तरी पडलो. असं कसं होतं?

सगळ्यात जास्त पडणं होतं ते उभ्या किंवा चालण्याच्या वेगातल्या गाडीवरून. कारण बहुतेक वेळा एकच: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं. गाडीचं वजन वळलेल्या बाजूला झुकतं, चाक जागीच थांबतं, आणि पाय टेकेपर्यंत गाडी इतकी कललेली असते की पेलत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अगदी कमी वेगात ते कामच करत नाही. दुसरं कारण जमीन: पाय जिथे टेकणार तिथे खड्डा, वाळू किंवा उतार. गल्लीत गाडी वळवताना मागचा ब्रेक वापरा आणि थांबण्याआधी हँडल सरळ करा.

पडत्या गाडीला एका मर्यादेपुढे धरून ठेवू नका. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० तर १९५ किलो. कलंडलेलं वजन मनगटाने किंवा पाठीने रोखलं तर लिव्हरऐवजी माणूस मोडतो. पाय खालून काढा आणि जाऊ द्या.

मग उचलायची कशी?

आधी किल स्विच (मुठीजवळचं इंजिन बंद करायचं बटण) बंद, मग चावी बंद. कार्ब्युरेटरची, म्हणजे जुन्या पद्धतीची गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉकही बंद करा. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी करताना ती पलीकडे पडणार नाही. डाव्या कुशीवर असेल तर स्टँड खाली दबलेला असतो. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही.

खालची मूठ टाकीजवळ येईल असं हँडल पूर्ण वळवा. सीटला पाठ लावून गुडघ्यांत वाका, एका हाताने ती मूठ, दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल किंवा फ्रेम धरा. पाठ ताठ ठेवून छोटी-छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोराने उठा. कमरेतून वाकून ओढायला गेलात तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही.

उभी झाल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. पेट्रोल सांडलंय का बघा, ब्रेक आणि क्लच दाबून बघा, गिअरचा पाय आत वाकला असेल तर थोडा बाहेर ओढा, हँडल दोन्हीकडे फिरवून केबल ताणली जात नाही ना ते तपासा. इंजेक्शनच्या, म्हणजे विजेच्या पंपाने इंजिनला पेट्रोल देणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय अशी गाडी सुरू होत नाही, आणि लोक उगाच बॅटरी संपवतात.

दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी सुरू होत नाही. मिस्त्रीला बोलवू का?

आधी किल स्विच बघा. कुणीतरी पोराने चाळा म्हणून दाबलेला असतो, आणि दिवे लागतच असल्यामुळे शंका येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोल पंप. किल स्विच बंद असेल तर बहुतेक गाड्यांत ती येत नाही.

मग क्रमाने: साइड स्टँड वर आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबून बघितला का. स्टार्टर दाबल्यावर नुसतं टकटक होऊन दिवे मंद होत असतील तर बॅटरी उतरलीय किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. टर्मिनल हाताने हलवून बघा, स्क्रू घट्ट करा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज. फ्यूजच्या डबीत बहुधा एक जास्तीचा ठेवलेला असतो. जेवढ्या अँपिअरचा उडाला तेवढ्याचाच लावा. तिथे तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे वायरिंग जाळून घेतात.

धक्का मारून सुरू करायची तर दुसऱ्या गिअरमध्ये मारा. पहिल्यात चाक घासत जातं. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्णच मेलेली असेल तर धक्क्याचाही उपयोग नाही, पंप चालायला थोडी वीज लागतेच.

साइड स्टँड वर करायला विसरलो तर नेमकं काय होतं?

सरळ रस्त्यावर काही होत नाही, म्हणूनच धोका. डावीकडे वळताना गाडी कलली की स्टँड रस्त्याला टेकतो आणि मागचं चाक उचलतो. ज्या गाड्यांत स्टँडचा स्विच आहे तिथे गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. पावसाळ्यात मात्र तो स्विच चिखलाने अडकतो आणि स्टँड वर असूनही गाडी बंद पडत राहते. पाण्याने धुवा, स्टँड दहा वेळा वर-खाली करा, बहुतेकदा सुटतं.

मे महिन्यातली वेगळी फजिती: दुपारी डांबर मऊ पडतं, स्टँड रुततो आणि तासाभराने गाडी आडवी. खाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये लावा.

रिझर्व्हला लावली आणि तरी पेट्रोल संपलं?

कारण मागच्या वेळी पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’वर केला नाही. रिझर्व्हवरच चालवत राहिलात, त्यामुळे इशारा मिळालाच नाही. उपाय एकच, पेट्रोलच्या टाकीचं झाकण लावलं की हात कॉककडे गेला पाहिजे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी एक युक्ती चालते. टाकी मधोमध खोगिरासारखी असते, त्यामुळे कॉक डावीकडे असेल तर उजव्या पोटात थोडं पेट्रोल उरतं. गाडी डावीकडे चांगली कलवून धरा, ते इकडे येतं आणि जवळचा पंप गाठता येतो. इंजेक्शनच्या गाडीत कोरडी होईपर्यंत चालवू नका. आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. संपलंच तर निदान एक-दोन लिटर घाला आणि स्टार्टरआधी चावी तीन-चार वेळा चालू-बंद करून पंपाला पेट्रोल ओढू द्या.

क्लच वायर तुटली. घरापर्यंत नेता येते?

येते. तुटणार हे ती आधी सांगतेही: क्लच जड होतो, आणि लिव्हरच्या टोकाशी बघितलं तर एक-दोन तारा सुटलेल्या दिसतात. तेव्हाच बदला.

तुटल्यावर: न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने ढकला, बसा आणि पहिला गिअर टाका. हिसका बसेल, बसू द्या. वर जाताना एक्सलरेटर क्षणभर सोडून त्याच क्षणी पायाने गिअर उचला, सहज पडतो. थांबायचं असेल तर गाडी चालती असतानाच न्यूट्रल शोधा. थांबल्यावर गिअरमधून निघत नाही आणि इंजिन बंद पडतं. राजवाड्याच्या गर्दीतून हे करू नका, बाहेरचा लांब पण मोकळा रस्ता घ्या.

लांबच्या सहलीला जाणारे जाणते लोक नवी वायर जुन्या वायरीच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून ठेवतात. तुटली की दोन्ही टोकं अडकवायची, पाच मिनिटांचं काम. बसवल्यावर लिव्हरला थोडी ढील ठेवा, किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. अजिबात ढील नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात.

पंक्चर झालं तर किती अंतर रेटू शकतो?

ट्यूबचा टायर असेल तर अजिबात नाही. ट्यूब आत घसरते, वाल्व कापला जातो आणि पन्नास रुपयांच्या कामाची नवी ट्यूब होते. तारांच्या चाकात बहुधा ट्यूबच असते. ट्यूबलेसला खिळा रुतलेला असेल आणि हवा हळू जात असेल तर तो उपटू नका, हवा भरत जवळचं दुकान गाठा.

ट्यूबलेसचं पंक्चर स्वतः काढायचं तर: खिळा पकडीने काढा, तो ज्या तिरकेपणाने शिरला होता ते लक्षात ठेवा. कानसीचा टोच्या त्याच कोनात पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, भोक खडबडीत झालं पाहिजे. रबरी पट्टी सुईच्या डोळ्यात मधोमध ओवा, सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत ढकला. सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. उरलेलं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा. बाजूच्या भिंतीवर पंक्चर असेल तर हे करायचं नाही, ती भिंत वाकत असते, पट्टी टिकत नाही.

दुकानात काढून घेत असाल तर टायरच्या आतून फडकं फिरवून घ्यायला सांगा. खिळ्याचं टोक आत राहिलं की दोन किलोमीटरवर पुन्हा तेच.

पावसात तिंछा, चोरल, जानापाव अशा इंदूरजवळच्या सहलीच्या ठिकाणी जायचंय. काळ्या मातीचं काय?

माळव्याची काळी माती ओली झाली की तिचा गोंद होतो. टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग ती पुढच्या मडगार्डखाली साठत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. इंजिन रेस करून उपयोग नाही, क्लच जळतो. थांबून काठीने माती काढा. फारच अडलं तर पुढचं मडगार्ड खोलून पाठीला बांधा, बहुतेक गाड्यांत चारच बोल्ट असतात. जाड बूट घाला, कारण तिथे चाकाआधी पायच घसरतो. खरं सांगायचं तर आषाढ-श्रावणात शेतातला ‘शॉर्टकट’ घेऊच नये, नकाशात कितीही जवळ दिसला तरी.

पाणी साचलेल्या रस्त्यावर पहिला गिअर आणि एकसारखा एक्सलरेटर. मध्येच सोडला तर सायलेन्सरमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. बाहेर ढकला, एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर स्पार्क प्लग काढून किक मारा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर फेकलं जाईल. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय चालवू नका.

घाटात न्यूट्रलवर उतरलं तर पेट्रोल वाचतं ना?

वाचतं म्हणण्याइतकं नाही, आणि ब्रेक जातात. सिमरोलच्या पुढचा भेरूघाट असो किंवा मानपूरच्या पुढचा गणपती घाट, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सतत दाबलेला ड्रम ब्रेक तापतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. असं वाटलं तर गिअर आणखी खाली टाका, कडेला थांबा, गार होऊ द्या, पाणी ओतू नका. ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी गणपती घाटाचा जुना उतार बदनाम होता, म्हणून घाटात उतारावरच्या ट्रकच्या पुढे रेंगाळू नका.

सायलेन्सरने पोटरी भाजली. टूथपेस्ट लावू?

नको. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, काही नाही. फोड फोडू नका, आणि तो तळहातापेक्षा मोठा असेल तर डॉक्टरकडे जा. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून मागे बसणाऱ्याला डावीकडून चढा-उतरायला शिकवा.

सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गाडी लावली, बाहेर काढताना शेजारच्या चार पडल्या.

आरशाने शेजारच्या गाडीचा ब्रेक लिव्हर ओढला जातो, हे बहुतेकदा कारण. रात्री नऊनंतर सराफ्याच्या तोंडाशी गाड्या इतक्या चिकटून लागतात की आरसे एकमेकांत गुंततात. लावतानाच आरसे आत वळवा. काढताना गाडीवर बसू नका, डावीकडे उभे राहून सरळ मागे ओढा.

डिस्क लॉक (ब्रेकच्या डिस्कला लावायचं कुलूप) लावलं असेल तर ते काढायचं विसरू नका, हीदेखील हमखासची फजिती. हँडलपासून लॉकपर्यंत रंगीत दोरी बांधायची पद्धत चांगली. लॉकसकट गाडी पुढे घेतलीच तर नंतर चाक हाताने फिरवून बघा: डिस्क एका जागी घासत असेल तर वाकली आहे. एबीएसची वायर ओढली गेली नाही ना तेही बघा.

संक्रांत आणि रंगपंचमीला गाडी काढावी का?

संक्रांतीच्या आसपास मांजा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण तो दिसतो अजूनही. गळ्याला जाड मफलर गुंडाळा, हेल्मेटची काच खाली ठेवा, पुलांवर वेग कमी. मांजा लागला असं वाटताच हाताने ओढू नका, थांबा.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उडवणारी मिरवणूक निघते त्या राजवाडा परिसरात गाडी नकोच. दुसऱ्या दिवशीही रस्त्यावर रंगाचा थर असतो, ओला झाला की घसरडा. हेल्मेटच्या काचेवरचा कोरडा रंग पुसू नका, ओरखडे पडतात. आधी पाणी ओता.

आजोबांची कास्ट आयर्न बुलेट किक मारताना पाय उडवते.

पॉइंटवाल्या (ठिणगी यांत्रिक स्विचने पाडणाऱ्या) जुन्या बुलेटला नुसती लाथ मारायची नसते. चावी चालू करा, डाव्या मुठीखालचा डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) ओढा, किक हळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत न्या. लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग शेवटपर्यंत एकसंध दाबा, एक्सलरेटर न देता. अर्धवट दाबली की ती उलटी येते आणि घोटा सुजतो. चप्पल घालून मारू नका. आणि लक्षात ठेवा, तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. पहिल्या चौकात हमखास गोंधळ होतो.

चेन घरी साफ करू शकतो?

जरूर, पण इंजिन बंद करून. गिअर टाकून चाक फिरवत फडकं धरणारे बोट गमावतात, हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा, रॉकेल आणि जुना ब्रश वापरा, कोरडं पुसा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब-थेंब सोडा. दर ५०० किलोमीटरला, पावसात भिजली की त्याआधी. ढील साधारण २० ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) उघडलं असेल तर क्लिपची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला हवी, उलटी लागली तर वाटेत सुटते.

सीटखाली काय ठेवावं?

क्लच वायर, एक्सलरेटर वायर, एक प्लग आणि त्याचा पाना, दोन-तीन फ्यूज, पक्कड, टेप, चेन लॉक, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, लहान टॉर्च, रबरी हातमोजे. जागा नसेल तर लिव्हर कमी करा, वायर नाही. घरची दुसरी चावी सोबतच्या माणसाच्या खिशात द्या, पहिल्या चावीच्या जुडग्यात अडकवलेली दुसरी चावी कुणाच्याच कामाची नाही. पंक्चर किट ट्यूबलेसवाल्यांनी, ट्यूबवाल्यांनी एक नवी ट्यूब आणि हवेचा पंप.